खालच्या पट्टीत

ऑल्विनने बटण दाबलं आणि मी गायला लागले. म्हणजे मी त्याच्या स्टुडिओतल्या सोफ्यावर गप्प बसले होते, गात होती ती स्पीकरमधली मी. वरच्या सुरांवर सहज जाऊन पोचणारी, तिथे जरा रेंगाळून मग सावकाश खाली उतरणारी.

"बंद कर," मी म्हणाले.

त्याने केलं नाही. गाणं संपू दिलं आणि मग खुर्ची माझ्याकडे फिरवली.

"हर्षदा, सगळी आठ गाणी आहेत माझ्याकडे. आपण कच्ची म्हणून केली होती, पण तुझा आवाज स्वच्छ आलाय. गिटार, घुमट, बासरी मी नव्याने भरतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"काय कळणार नाही?"

तो परत पडद्याकडे वळला. ऑल्विन तुस्कानो मूळचा वसईचा, पुण्यात एका फ्लॅटच्या आतल्या खोलीत भिंतींना गाद्या लावून त्याने स्टुडिओ थाटला होता. माझा पहिला अल्बम तिथेच झाला होता. 'खळ्यातली गाणी' त्याचं नाव. आमच्या कोकणातल्या बायका फुगडीला म्हणतात तसल्या चालींवर मी स्वतः मालवणीत लिहिलेली गाणी होती ती. कुठल्या कंपनीचा हात नव्हता. आम्हीच केलं, आम्हीच नेटवर टाकलं, आणि कसं कोण जाणे, पण लोकांनी ऐकलं. पुणे, ठाणे, कोल्हापूर, छोट्या छोट्या सभागृहांत मला बोलावणी आली. दुसऱ्या अल्बमची गाणी लिहून झाली, कच्ची गाऊन ठेवली, आणि गळ्यात गाठ निघाली.

गाठ साधी होती. तरी काढावी लागली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आवाजाची नस अगदी लागून आहे, आवाज येईल, पण जुनाच येईल असं नाही. कितीतरी दिवस नुसता वारा यायचा. मग आवाज आला तो जाड, खरखरीत, तळघरातून आल्यासारखा. वरचे सूर गेले ते गेलेच. त्या आवाजाची मला इतकी लाज वाटायची की मी कुजबुजूनच बोलायचे. वाण्याकडेसुद्धा बोट दाखवून वस्तू घ्यायचे.

"लोक वाट बघतायत," ऑल्विन म्हणाला. "हे तुझंच गाणं आहे. उसनं नाही घेतलेलं."

त्याचं खरं होतं. मला नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं आणि हो म्हणवत नव्हतं.

"गावी जाऊन येते," मी म्हणाले. "आल्यावर सांगते."

गाणी फोनवर घेऊन मी कुडाळची गाडी धरली.

गावी आई एकटीच असायची. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, भाऊ मस्कतला. आई म्हणजे शेवंती पालव, आमच्या वाडीतली फुगडीची पुढारीण. चतुर्थीला बायका खळ्यात जमल्या की गाणं सुरू करायची ती, आणि कुणी शब्द खाल्ला तर फुगडी मध्येच थांबवायचीसुद्धा ती. "म्हणाक येत नाय तर गप ऱ्हव. गाण्याचो जीव घेव नको," असं चारचौघींत सांगायला तिला काही वाटत नसे. मी लहानपणी तिच्या धाकात गाणं शिकले. माझ्या गाण्यात जे काही आहे ते तिचं आहे.

म्हणूनच पहिला अल्बम झाला तेव्हा मी तो घेऊन तिच्याकडे धावले होते. पडवीत तिच्याशेजारी बसून एकेक गाणं फोनवर लावलं होतं. प्रत्येक गाणं संपलं की ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, "बरा आसा. गोड आसा." सगळ्या गाण्यांना तेच. एकाही शब्दाला अडली नाही, एकही चाल तिने धरून बघितली नाही. जी बाई शेजारणीला एका शब्दासाठी थांबवायची, तिला माझ्या अख्ख्या अल्बमात बोलण्यासारखं काहीच सापडलं नाही. मी ठरवून टाकलं की हिला हे पटलेलं नाही. गाणी वाडवडलांकडून आलेली असतात, ती कुणी बसून लिहितं म्हणजे काय, असं हिला वाटत असणार. मी पुन्हा विचारलं नाही. पण ते 'बरा आसा' माझ्या मनात काट्यासारखं राहिलं.

मे महिना होता. मी पाणंदीतून वर आले तेव्हा घरापुढचं आमचं खळं रतांब्यांनी, म्हणजे कोकमाच्या फळांनी, लाल झालं होतं. आई पाठमोरी बसून रतांबे कापत होती. कुंपणापलीकडून मंगलकाकीने मला आधी बघितलं आणि तिच्या त्या किनऱ्या आवाजात हाळी दिली, "शेवंते, बघ गो! चेडू इला तुझा!"

आई कापतच राहिली. माझी सावली तिच्यापुढच्या टोपलीवर पडली तेव्हा तिने मान वर केली.

"इलंस?" ती म्हणाली आणि कोपरापर्यंत लाल झालेल्या हातांनी तिने मला तशीच कवटाळली. माझ्या गळ्यावरची खूण तिने दुरूनच बघितली, हात धुऊन आली आणि मग त्यावरून बोट फिरवलं. "दुखता?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"बोलाक त्रास होता काय?"

"थोडो," मी कुजबुजले. तिने माझ्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली. आवाजाबद्दल पुढे काहीच विचारलं नाही. मला बरंच वाटलं.

जेवणं झाल्यावर मी फोन काढला. पुन्हा तिच्याकडे मत मागायचं नाही असं ठरवून आले होते, तरी काढला. माणूस आईकडे पुन्हा पुन्हा जातंच. मी विहिरीचं गाणं लावलं, कारण ते तिच्यावरच लिहिलेलं होतं. लहानपणी ती पाणी काढायची तेव्हा मी कठड्याला धरून आत वाकून बघायचे, ते सगळं त्या गाण्यात होतं. फोन तिच्या कानाशी धरला. माझा जुना आवाज पडवीभर झाला. ती डोळे मिटून नव्हती ऐकत. माझ्याकडे बघत होती.

गाणं संपलं.

"बरा आसा," ती म्हणाली. "गोड आसा."

मी फोन ठेवून दिला आणि मागच्या दारी जाऊन उगाच भांडी घासली. ऑल्विनला त्याच संध्याकाळी फोन करून हो सांगायचं ठरवलं. जुना तर जुना आवाज. निदान लोकांना तरी आवडेल.

उन्हं कलल्यावर आम्ही दोघी खळ्यात बसलो. ती रतांबे कापून बिया वेगळ्या करत होती, मी सालं मिठाच्या रसात बुडवून परत चटईवर पसरत होते. तिची पाठ माझ्याकडे होती. बोटं रसात बुडवायची, पिळायची, मांडायची. असल्या कामात तोंड गप्प राहत नाही. मी गुणगुणायला लागले आणि गुणगुणता गुणगुणता केव्हा शब्दांवर आले ते मलाही कळलं नाही. तेच विहिरीचं गाणं. जमेल तिथे, जमेल तेवढ्या खाली.

*बावीच्या पोटात आभाळ गोल,*
*आये सोडता दोर, किती गो खोल?*

विळीचा आवाज थांबला.

"कोण म्हणता गो?" आईने विचारलं. ती मागे वळली तेव्हा खळ्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"मी," मी म्हणाले. पहिल्यांदा न कुजबुजता.

"तू?" तिने हातातला रतांबा खाली ठेवला. "परत म्हण बघया."

मला वाटलं, आता हिला आवाज कळला, आता ही रडणार. मी मान खाली घालून तेवढ्याच दोन ओळी म्हटल्या.

"फुडे?"

*कळशी भरान येता वर,*
*आभाळ ऱ्हवता तळार.*

ती विळी बाजूला सरकवून माझ्यासमोर येऊन बसली. "मधी तू 'दोर' म्हटलंस?"

"हो."

"दोर कित्याक? बावीचो राजू असता. दोर म्हशीक बांधतत." आणि तिने मांडीवर हात आपटला. "गाण्याचो जीव घेतलंस मगे! 'आये सोडता राजू.' म्हण."

मी म्हटलं. 'राजू' तिथे असा बसला की जणू चालीने त्याच्यासाठी जागा राखून ठेवली होती.

"आता ह्या सगळा म्हण. सुरवातीसून."

मी सगळं म्हटलं. दोन ठिकाणी तिने अडवलं. एका ठिकाणी म्हणाली, हे कडवं लांबलंय, एवढं बोलायचं नसतं, ऐकणाऱ्याला कळतं. शेवटाला आले तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती, हात मिठाचे होते म्हणून असेल.

"तू माझ्यार गाणा केलंस," ती म्हणाली.

"आये, दुपारी लावलंय ता ह्याच गाणा."

"ह्या?"

"ह्याच. तू 'बरा आसा' म्हटलंस."

तिने चटईवरचं एक साल उचलून उगाच दुसऱ्या जागी ठेवलं.

"माका ता कायच कळाक नाय गो," ती म्हणाली. "नुसती शिट्टी वाजल्यासारखी वाजता. शब्द नाय, काय नाय."

"म्हणजे?"

"बापयांचा बोलणा ऐकाक येता. बायकांचा नाय. पोरांचा नाय. मंगल थयसून आराडता, माका तिचा तोंड हललेला दिसता. देवळातली घंटा दिसता." ती जरा हसली. "फुगडेक उभी ऱ्हवलंय तर सगळ्यांची तोंडा हलतत आणि मी एकटी मुक्या घरात नाचतंय. सोडून दिलंय मगे."

तिने फुगडी सोडली हे मला ठाऊक होतं. गुडघे दुखतात असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं.

"कधीपासून?"

"झाली थोडी वरसां."

"पहिल्या अल्बमाच्या वेळी?"

तिने मान डोलावली.

"एकव गाणा ऐकाक येय नाय?"

"एकव नाय."

मला आधी रागच आला. "मग सांगूक काय झालेला तुका? मी इतकी वरसां समजतंय, तुका माझी गाणी आवडत नाय!"

"अगो, तू पुण्यासून येतंस, बॅग पण खाली ठेवत नाय, फोन माझ्या कानाक लावतंस. तुझ्या तोंडार उजेड पडललो असता. त्या तोंडाक मी काय सांगू?" ती म्हणाली. "तुझ्या तोंडाकडे बघी आणि बरा म्हणी. खोटा नाय म्हटलंय. तोंड बराच होता तुझा."

मी रडायला लागले. तिने मला रडू दिलं. मग माझ्या पाठीवर तिने तो मिठाळ हात ठेवला आणि म्हणाली, "आता दुसरा म्हण. किती आसत?"

"आठ."

"म्हण."

ते पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. आम्ही कामं करायचो आणि मी गायचे. काजूच्या झाडाखाली, चुलीपुढे, परसात केळीला पाणी घालताना. ती समोर बसायची, कान पुढे करून, आणि माझ्या त्या जाड खरखरीत आवाजातला शब्द न् शब्द झेलायची. शब्दांवरून आमची भांडणं व्हायची. तिला सगळं पटायचं असंही नाही. शहरातल्या एकटेपणावर मी एक मोठं गाणं लिहिलं होतं, पुण्यातल्या मित्रांना फार आवडलेलं. ते तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "ह्या तुकाच म्हायत नाय काय सांगूचा हा ता. ह्या काढ." मी दोन दिवस रुसले, मग काढलं. सात राहिली.

मधल्या एका सकाळी मी तिला कुडाळला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं. बारीक, उंच आवाज जवळजवळ गेलेत, म्हणाले, जाड आवाज अजून बरे येतात. मशीन मागवावं लागणार होतं. परतीच्या एसटीत आईने मला कोपराने ढोसलं. "बघ. डॉक्टरान सांगल्यान. माका गाणी ऐकूची म्हणान तुझो गळो खाली इलो."

"असं नसतं गे, आये."

"नसांदे," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी आल्यावर मी ऑल्विनला फोन केला.

"जुनी गाणी नको वापरू," मी म्हणाले.

"हर्षदा, हा तुझा आवाज आहे?" मी त्याच्याशीही ऑपरेशननंतर कुजबुजूनच बोलले होते.

"हाच."

"गाऊन दाखव."

मी फोन धरून विहिरीचं गाणं म्हटलं.

"लोक म्हणतील ही वेगळीच बाई आहे," तो म्हणाला.

"म्हणू देत."

"तू तिथेच थांब. मी सामान घेऊन येतो. इकडे आलीस तर परत कुजबुजायला लागशील."

तो आला, दोन बॅगा आणि गिटार घेऊन. त्याचा आवाज चांगला घुमणारा, त्यामुळे आईला त्याचं सगळं ऐकू जायचं. पहिल्याच जेवणाला तिने त्याच्या ताटात बांगड्याचा तुकडा वाढला आणि म्हणाली, "तू बरो बोलतंस. ह्या घरात येत जा." ऑल्विनला मालवणी अर्धीच कळायची, पण बांगडा पूर्ण कळला.

माजघरात आम्ही गोधड्या टांगल्या, कोंबड्या लांब हाकलल्या, पंखा बंद केला. पहिला दिवस वाया गेला. माईक समोर आल्याबरोबर मी जुन्या उंचीला हात घालायला जायचे आणि आवाज फाटायचा. फाटला की थांबायचे, पुन्हा सुरुवात. ऑल्विन दर वेळी निमूट पुन्हा बटण दाबायचा, तेच जास्त बोचत होतं. दुसऱ्या दिवशीही तीच गत. दुपारी मी माईकपासून उठले आणि म्हणाले, "राहू दे. तुझी जुनी गाणी काढ."

आई दारात उभी होती. तिला काय ऐकू गेलं ठाऊक नाही, पण माझा चेहरा वाचायला तिला कान लागत नव्हते. ती आत आली आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"हयसर म्हण," ती म्हणाली. "माका."

ऑल्विनने आमच्याकडे बघितलं, मग बॅगेतून दुसरा हेडफोन काढून आईच्या डोक्यावर चढवला आणि आवाज मोठा केला. तिचे डोळे विस्फारले. मी नुसता श्वास घेतला, तोही तिला ऐकू गेला. "अगो बाई," ती म्हणाली, "तू पोटात बसललंस काय माझ्या?"

मी तिच्याकडे बघून सुरू केलं. माईक विसरले. जेवढा आवाज होता तेवढ्यात गायले, तिला कळेल असं, शब्द शब्द ठेवून. खाली उतरायची जागा आली तिथे निवांत खाली उतरले. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं.

तिसऱ्याला आई गायला लागली.

तिला कळलंच नाही. तिच्या कानांत मी होते, तिचं स्वतःचं तिला काही ऐकू येत नव्हतं. डोळे मिटून, अंग किंचित हलवत ती तिच्या जुन्या, चतुर्थीच्या आवाजात गात होती. उंच, धारदार, आता कडेला थोडा कापणारा आवाज. जिथे मला जाता येत नव्हतं तिथे ती होती. ऑल्विनचा हात बटणाकडे गेला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनीच नको म्हटलं. त्याने हात मागे घेतला. खालून मी, वरून ती, असं ते गाणं शेवटपर्यंत गेलं.

संपल्यावर आईने हेडफोन काढला. "आता जमला बघ तुका," ती म्हणाली, आणि भात बघायला आत निघून गेली.

त्यानंतर बाकीची गाणी अडली नाहीत. विहिरीचं गाणं आम्ही पुन्हा घेतलंच नाही.

अल्बमचं नाव 'राजू' ठेवलं. लोक विचारायचे हा राजू कोण, आणि मला सांगायला मजा यायची. पहिल्या अल्बमइतका तो गाजला नाही. काहींनी लिहिलं, तुमचा पूर्वीचा आवाज कुठे गेला, फार आठवण येते. काहींनी काहीच न लिहिता ऐकायचं सोडलं. पण जे राहिले ते अजून आहेत, आणि मी अजून त्याच आवाजात गाते. आता पाच अल्बम झालेत. वाण्याकडे मोठ्याने बोलते.

'राजू' निघाला तेव्हा मी ऑल्विनचाच हेडफोन घेऊन गावी गेले. आईचं मशीन तोवर आलं होतं, पण तिला ते सहन होत नसे. जगातली सगळी भांडी माझ्याच डोक्यात घासतात, म्हणायची. मी तिला पडवीत बसवलं, हेडफोन लावला, बारीक सूरही पोचावेत म्हणून आवाज पूर्ण मोठा केला आणि विहिरीचं गाणं सुरू केलं. यावेळी तिने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. डोळे मिटून घेतले. ओठ शब्दांबरोबर हलत होते. तिसरं कडवं आलं तशी तिच्या कपाळावर आठी पडली. तिने एक कान मोकळा केला.

"ही दुसरी बाय कोण गो?"

मी तिच्याकडे बघत राहिले. ती चेष्टा करत नव्हती. स्वतःचा आवाज तिने आयुष्यात कधी बाहेरून ऐकला नव्हता.

"कशी गायल्यान?" मी विचारलं.

तिने हेडफोन पुन्हा कानावर चढवला आणि शेवटपर्यंत ऐकलं, एकही शब्द सुटू नये असं. मी उत्तराची वाट बघत होते. तिचं मत म्हणजे सोपं काम नव्हतं.

"एकव शब्द खाल्ल्यान नाय," ती शेवटी म्हणाली. "तिका सोडू नको."